आक्कांच्या उजव्या बाजूची खुर्ची

आधी नाव लिहिते. पार्वताक्का. कोल्हापुरात तुला कुणी हात दिला, असं कुणी विचारलं तर मेसच्या मालकिणीचं नाव घेईन, खोलीवरच्या बायांचं घेईन, पण त्या सगळ्यांच्या आधी हे. काय झालं ते मागून सांगते. कारण माझी सवय अशी, की सांगता सांगता मी आपल्याच काळजीत शिरते आणि ज्यांचं नाव घ्यायचं त्यांचंच राहून जातं.

आणि हेही लिहून टाकते की या बाईपायी मी फार जळले. आधी त्यांच्यावर जळले, मग त्यांच्यासाठी जळले. अजून पुरती विझले नाही.

मी वाशीमकडची. आठवीनंतर शाळा सुटली, पुढं ओळखीच्या ओळखीनं कोल्हापुरात एका मेसमध्ये चपात्या लाटायला आले. आठवडाभर हाताला उसंत नसायची, पण रविवारी संध्याकाळी मेस बंद. खोलीवरच्या बायांकडं त्या दिवशी पावणे यायचे, मला बसायला जागा नसायची. मग मी वाचनालयाच्या हॉलच्या पायऱ्यांवर जाऊन बसायची. तिथं उजेड असायचा आणि कुणी हटकत नव्हतं.

एका रविवारी हटकलं.

"काय गं, कुणाची वाट बघतीस?"

मी दचकून उभी राहिले. ठेंगणी, जाड भिंगाचा चष्मा, इरकली साडी, कपाळावर भस्माची बोटं, आणि आवाज असा की पायरीखालचं कुत्रंही उठून उभं राहिलं.

"कोणाचीच नाही," मी म्हणाले. "जाते मी."

"जा कशाला? आत ये की. पिक्चर हाय. दूध सोसायटीला रांग लागती, आमच्या फिल्म सोसायटीला नुसत्या खुर्च्या. त्यातली एक तरी भरंल."

"मला इंग्रजी येत नाही."

"पिक्चर इंग्रजी न्हायच मुळात. कुठल्या देशाचा हाय ते अध्यक्षांना तरी धड ठावं हाय का बघ. खाली ओळी येत्यात इंग्रजीत, त्या मी सांगतो तुला. चल."

इकडच्या बाया 'मी येतो, मी सांगतो' असंच बोलतात. मला तेव्हा हसू आलं. घर सोडल्यापासूनचं ते पहिलं हसू असावं.

आक्कांचा डावा कान गेलेला होता. म्हणून शेवटच्या रांगेत, दाराजवळ, त्यांच्या उजव्या बाजूची खुर्ची माझी झाली. डावीकडं बसणाऱ्याला त्यांचं बोलणं ऐकू यायचं, पण काही विचारायचं तर उजवीकडंच बसायला हवं. मी काही विचारायची नाही फारसं. पण विचारता येतंय, हे मला पुरायचं.

पार्वताक्का गडहिंग्लजच्याही पलीकडच्या, सीमेवरच्या लिंगायत घरातल्या. मार्केटात त्यांचं बारदानाचं दुकान होतं. नवरा गेल्यापासून त्याच गल्ल्यावर बसायच्या. लहानपणी कुठल्याशा मिशनच्या शाळेत शिकल्यामुळं इंग्रजी होतं. पोती मोजायच्या कानडीत, हमालांशी भांडायच्या कोल्हापुरीत आणि रविवारी वाचायच्या इंग्रजीत. या तीन भाषांची त्यांनी कधी गल्लत केली नाही. फक्त पडद्यावर कुणी लहान मूल रडलं, की तोंडातून "अय्यो" निघून जायचं.

त्यांना कुजबुजता यायचं नाही. आयुष्य मार्केटात गेलेलं, त्यात एक कान बंद, त्यामुळं त्यांची कुजबुज पहिल्या रांगेपर्यंत जायची. एकदा पुढच्या रांगेतल्या कॉलेजच्या पोरानं मान वळवून "शूऽऽ" केलं.

"शू काय करतोस? कोंबड्या हाकतोस व्हय?" आक्का म्हणाल्या. "तुला ओळी वाचता येत्यात, हिला न्हाईत. तुझं डोळ्यानं चाललंय, हिचं कानानं. बघ पुढं."

त्या पोरानं पुढं बघितलं. मी मात्र खुर्चीत विरघळून गेले होते. सगळ्या हॉलला आता कळलं की मला इंग्रजी वाचता येत नाही. तेवढ्यात शेजारून आवाज आला, "हां, तर बाळू म्हणतोय, मी परत येणार."

बाळू म्हणजे पडद्यावरचा लढाईला निघालेला एक परदेशी शिपाई. खरी नावं आक्कांच्या जिभेवर बसायची नाहीत आणि बसवायची त्यांना गरजही वाटायची नाही. पिक्चर सुरू झाला की पहिल्या काही मिनिटांत त्या सगळ्यांचं बारसं उरकायच्या. "हा बाळू. ती शांता. टोपीवाला दिसतोय न्हवं, तो सोसायटीचा चेअरमन, त्याच्यावर नजर ठेव." एकदा नाव पडलं की बदल नाही. मध्येच चेअरमन चांगला निघाला, तरी चेअरमनच.

पिक्चरनंतर चहा आणि चर्चा असायची. आक्कांचा शेवटच्या रांगेपुरता एक नियम होता: चहा पिणाऱ्यानं एक तरी गोष्ट सांगायची. "कळलं ते सांगू नका. ते अध्यक्ष सांगत्यातच अर्धा तास. दिसलं ते सांगा." मी आठवडे न् आठवडे चहा नको म्हणून चुकवलं. पण त्या शिपायाच्या पिक्चरनंतर मला राहवलं नाही. उभी राहिले आणि म्हणाले, "बाळू लढाईवरून परतला तेव्हा शांता दुसऱ्याच्या घरात पीठ मळत होती, तिनं खिडकीकडं पाठ केली होती. बाळूनं खिडकीतून बघायला नको होतं."

अध्यक्ष सरांनी हातातला कागद चाळला. "बाळू... म्हणजे नेमकं कुणाबद्दल म्हणताय?"

आक्का बसल्या जागेवरून म्हणाल्या, "बाळू म्हंजे तो शिपाई. बरोबर बोलली की ती. तुमाला नाव कळलं न्हाय हा तुमचा दोष."

आधी कुणीतरी हसलं, मग सगळेच. पण ते हसणं मला लागणारं नव्हतं. त्यानंतर बाकीची चर्चा बाळू आणि शांता याच नावांनी झाली. अध्यक्ष सरसुद्धा शेवटी "बाळूची एकूण मानसिकता" असं म्हणाले. त्या दिवशी मी चहा प्याले.

मग तो दुसरा पिक्चर आला. समुद्राकाठचं गाव, तिथली एक म्हातारी छपरावर मासे वाळत घालायची. तिची पाठ, तिचं पदर खोचणं, सगळं मला ओळखीचं वाटत होतं. मी तसं आक्कांना म्हणाले. त्यांनी लगेच बारसं केलं, "बरं तर, ही तुझी आई समज."

अर्धा पिक्चर झाला असेल. म्हातारी दुपारची छपरावर चढली, माशांच्या शेजारी आडवी झाली आणि उठलीच नाही.

मी उठून बाहेर पळाले. घरी फोन लावला, कुणी उचलला नाही. पुन्हा लावला. पुन्हा. घाईत आकडे चुकत होते. मागून आक्का आल्या. "येडी का खुळी? पिक्चर हाय तो," असं मला वाटलं म्हणतील. पण त्यांनी माझ्या हातातला फोन घेतला आणि स्वतः लावत बसल्या. आत पिक्चर संपला, चर्चा झाली, माणसं आमच्या बाजूनं पायऱ्या उतरून गेली. मग पलीकडून आईचा आवाज आला.

"कायले एवढे फोन करून राह्यली वं? मी शेजारी पापड लाटू लागत होती."

मी रडायला लागले. आक्कांनी फोन आपल्या चांगल्या कानाला लावला आणि सांगितलं, "न्हाय ओ, काय झालं न्हाय. तुमच्या पोरीला तुमची आठवण आली. ठेवतो."

त्या पिक्चरचा शेवट आक्कांनी कधी बघितला नाही. मीही नाही.

आता जळण्याचं सांगते. आधी मी आक्कांवरच जळायची. कुठंही शिरायचं, कुणालाही काहीही म्हणायचं, चुकलं तर हसायचं, हे त्यांना कसं जमतं? मी रस्ता ओलांडतानासुद्धा मनात चार वेळा माफी मागते. ही बाई अध्यक्षांना अडवून म्हणते, "सर, आज आटपतं घ्या, चहा गार होतोय." मला त्यांची साडी नको होती, दुकान नको होतं, इंग्रजीसुद्धा नको होतं. मला ते न घाबरणं हवं होतं. त्या शेजारी बसल्या की त्यातलं थोडं माझ्याकडं झिरपतंय असं वाटायचं. आणि म्हणून ती खुर्ची.

मग रेश्मा आली.

नृसिंहवाडीची पोरगी, बारावी झालेली, इथं फार्मसीला शिकणारी. पहिल्याच दिवशी सरळ शेवटच्या रांगेत आली आणि माझी खुर्ची रिकामी बघून बसली. मी चहाच्या कपांना हात लावायला आत गेले होते, तेवढ्यात. परत आले तर ती आक्कांच्या उजव्या कानाशी बोलत होती आणि आक्का हसत होत्या. पोट धरून.

"मंदे, तू हिकडं बस आज," त्यांनी डावीकडची खुर्ची थोपटली. "पावणी हाय ती."

मी बसले. पावणी एक रविवार असते. ही दुसऱ्या रविवारी आली, तिसऱ्याही आली, आणि खुर्ची तिचीच झाली. कुणी तसं ठरवलं नव्हतं. मी 'ऊठ' म्हणाले असते तर ती उठलीही असती, इतकी ती साधी होती. हेच वाईट. नावं ठेवायला जागा नव्हती.

त्यात मला कळलं की तिला ओळी वाचता येतात! पटापट. मी विचारलं, "मग पुढं का नाही बसत?"

"अगं, पिक्चरपेक्षा आक्काच भारी हायत की," ती शेंगा फोडत म्हणाली. "पुढं बसून काय करू?"

जिला गरज नाही तिला ती खुर्ची मिळाली होती, मजा म्हणून. माझ्या पोटात कुणी तवा ठेवावा तसं झालं. ती मध्ये मध्ये विचारायची, "आक्का, ह्याचं नाव बबन ठेवूया का?" आणि आक्का चक्क बबन ठेवायच्या! मी इतके दिवस बसले, एकही नाव सुचवलं नव्हतं. सुचवायचं असतं हेच ठाऊक नव्हतं.

आणि एका रविवारी पडद्यावर एक उंच, केस कापलेली बाई पुलावरून धावत आली. आक्का म्हणाल्या, "ही आपली रेश्मी."

आपली रेश्मी. मी अंधारात बोटं मोजल्यासारखी सगळ्या पिक्चरांतल्या बाया आठवून बघितल्या. शांता, मालन, गंगू, फौजदाराची बायको. मंदा एकही नव्हती. पडद्यावरच्या रेश्मीला पुलाच्या टोकाला गोळी लागली, तशी आमची रेश्मा खुसखुसली, "मेलो वाटतं मी!" आणि तोंडात शेंगा टाकल्या. मला तिच्या त्या मरण्याचाही हेवा वाटला.

त्या आठवड्यात माझ्या चपात्या करपल्या. मालकीण बोलली. शेवटी दुपारची सुट्टी घेऊन मी मार्केटात गेले. आक्का पोती मोजत होत्या, "हत्तु, हन्नोंदु..."

"आक्का, माझं नाव तुम्ही कधीच कुणाला ठेवलं नाही."

"घालवलंस की मोजणं!" त्या वळल्या. "कसलं नाव?"

"पिक्चरमध्ये. रेश्माचं ठेवलं. ती काल आली."

आक्कांनी चष्मा काढून पदरानं पुसला. मला वाटलं आता हसतील. हसल्या नाहीत.

"अगं, आमच्या सोसायटीच्या पिक्चरातल्या बायांचं काय होतं बघितलंस न्हवं? एक हिरीत पडती. एकीला नवरा टाकतोय. एक बर्फात गारठून मरती. नांदणारी, जेवणारी, हसणारी बाई असली की आमचे अध्यक्ष तो पिक्चर आणतच न्हाईत. त्यातली कुठली देऊ तुला, सांग की?"

मी पोत्याची सुतळी बोटाला गुंडाळत राहिले.

"आई म्हटलं तवा काय झालतं तुझं? मी हुतो तिथं. रेश्मीला काय, उद्या पडद्यावर फाशी दिली तरी शेंगा खाईल. तुला हिरीत ढकलली, तर तू आठवडाभर झोपणार न्हाईस. म्हणून ठेवत न्हाय. जा आता, मला पहिल्यापासनं मोजायला लागणार."

परतताना मला बरं वाटायला हवं होतं. वाटलंही. इतके रविवार ही बाई मला जपत होती आणि मला पत्ता नव्हता. पण खरं सांगायचं तर मला जपलेलं नको होतं. रेश्मीसारखं पुलावरून पळवून गोळी घातलेली हवी होती. आक्कांना जिची काळजी वाटत नाही, अशी मी व्हायला हवी होते.

पुढच्या रविवारचा पिक्चर वाळवंटातला. एक कुटुंब, उंट, शेळ्या. बारसं सुरू झालं. कर्त्या पुरुषाचं झालं, त्याच्या दोन बायकांचं झालं. मग आक्का माझ्याकडं वाकल्या आणि त्यांच्या त्या साऱ्या हॉलला ऐकू जाणाऱ्या कुजबुजीत म्हणाल्या, "ती फाटक्या कानाची शेळी दिसती का? ती मंदा. तिला शेवटपर्यंत काय होत न्हाय. मी अध्यक्षांना फोन करून विचारलंय."

पुढच्या तीन रांगा हसल्या. मीही हसले. मग मी तो सगळा पिक्चर शेळीचाच बघितला. तिकडं दोन बायकांची भांडणं झाली, विहीर आटली, माणसं निघून गेली, आणि माझी शेळी शेवटच्या चित्रात काटेरी झुडपाचा पाला ओरबाडत उभी होती, धडधाकट. पलीकडून रेश्मा म्हणाली, "आक्का, मला बी शेळी पायजे हुती." मला काय वाटलं असेल ते लिहीत नाही.

त्यानंतर वर्षभरात आक्कांचे डोळे गेले. पुरते नाहीत. डोळ्याच्या पडद्याचं दुखणं, डॉक्टर म्हणाले, मधलं दिसणार नाही, कडेचं दिसेल. "मग बरंच की," आक्का आम्हाला म्हणाल्या, "पिक्चरात कडंचंच तर बघायचं असतंय." पण खालच्या ओळी त्यांना वाचता येईनात.

त्यानंतरच्या पहिल्या रविवारी रेश्मा परीक्षेचं काहीतरी आटोपून उशिरा येणार होती. मी उजव्या खुर्चीत बसले. इतके दिवस आक्कांच्या आवाजाबरोबर ओळींकडं बघून बघून माझी अक्षरं जुळायला लागली होती. मनात म्हटलं, आज माझी पाळी. आज मी सांगणार.

पडद्यावर एक माणूस बोलायला लागला. मी पहिला शब्द जुळवला. दुसरा जुळवत होते तोवर ओळ गेली.

"काय म्हणाला?" आक्का.

"म्हणाला... 'मी'."

"मी काय?"

"पुढचं गेलं, आक्का."

"बरं. आता?"

नवी ओळ आली, तीही गेली. मग पडद्यावर दोघं एकदम बोलायला लागले. ज्यांनी मला इतके पिक्चर सांगितले, त्यांच्या कानात घालायला माझ्याजवळ एक वाक्य नव्हतं. आक्का रागावल्या नाहीत, त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. तेवढ्यात दार उघडलं.

"रेश्मे, आलीस का? बस हिकडं. मंदे, तू जरा सरक."

मी सरकले. रेश्मानं दप्तर खाली टाकलं आणि धापा टाकतच सुरू केलं, "हां आक्का, हा गणपा म्हणतोय, घर इकायचं न्हाय." भरभर, एक ओळ न सोडता, अगदी आक्कांच्याच ढंगात. आक्का मान डोलवत होत्या. मी डावीकडं, बंद कानाच्या बाजूला.

मग हुबळीहून त्यांची मुलगी न्यायला आली. दुकान भाड्यानं दिलं गेलं. जायच्या आदल्या रविवारी आक्का म्हणाल्या, एक पिक्चर बघूनच जाणार. मुलगी बाहेर गाडीत बसून राहिली.

पिक्चर कुठल्या देशाचा होता ते मला आठवत नाही. मी पडद्याकडं बघितलंच नाही. आक्कांना मधलं दिसायचं नाही, म्हणून पडदा दिसावा यासाठी त्यांना तोंड बाजूला फिरवावं लागायचं. त्या डावीकडं फिरवायच्या. त्यामुळं पूर्ण वेळ त्यांचं तोंड माझ्याकडं होतं. उजेड बदलेल तसा भस्माचा पट्टा चमकायचा, भिंगं पांढरी व्हायची. एकदा त्या हसल्या, आणि वाटलं माझ्याकडंच बघून हसल्या. मीही हसले. पण नजर पडद्यावर होती आणि कान रेश्माकडं. मला ठाऊक होतं ते. तरी मी तशीच बघत राहिले, कारण पूर्ण पिक्चरभर ते तोंड असं माझ्यासमोर पुन्हा येणार नव्हतं.

आता मेसची दुपार रिकामी असते तेव्हा मी फोनवर पिक्चर लावून खालच्या ओळी वाचते. आधी थांबवून थांबवून वाचायची, आता थांबवणं कमी झालंय. शिकवायला रेश्मा येते, दुसरं कुणी नव्हतंच. ती म्हणते, "होईल गं तुझं," आणि ते ती इतकं सहज म्हणते की मला अजून राग येतो.

पण होणार आहे. आक्का, तुम्ही हे कुणाकडून तरी वाचून घ्याल म्हणून लिहिते. मी हुबळीला येणार. तुमच्या उजव्या हाताला बसणार आणि एक पिक्चर, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, एकही ओळ न सोडता तुम्हाला सांगणार. कितीही दिवस लागोत. आणि त्या दिवशी रेश्माला सोबत आणणार नाही.